दुसरी लिव्हर आणि बीडचे रस्ते

जुनी फोर-व्हील जीप गॅरेजात आली की बहुतेकांचा हात आधी गिअरबॉक्सकडे जातो. बीड जिल्ह्यात तरी आधी रस्त्याकडे पाहावं, असं माझं ठाम मत आहे. महिंद्रांनी 1947 साली मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली, तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होतं. जिल्ह्याला रेल्वे होती ती परळीच्या टोकाला. खुद्द बीड शहरातून गाडी सुटायला 2025 साल उजाडलं. उत्तरेला गेवराई-माजलगावची गोदाकाठची काळी जमीन, पावसात चाक गिळणारी; दक्षिणेला पाटोदा, धारूर, अंबाजोगाईकडे बालाघाटाचे खडकाळ चढ. अशा मुलखात पुढच्या चाकांना ताकद देणारी दुसरी लिव्हर ही गरज होती. 1972 च्या दुष्काळात लोकांनी उन्हातान्हात खडी फोडून रस्ते केले. त्या कष्टांचं मोल मोठं, पण त्यातले कितीतरी रस्ते पुढे वर्षानुवर्षं कच्चेच राहिले. खेड्यापाड्यांतल्या डांबराला जोर आला तो 2000 नंतर, ग्रामसडक योजनेमुळे.

जीपच्या दुखण्याचं मूळ कच्च्या रस्त्यांवर डांबर येण्याच्या या बदलात आहे. तिच्या ट्रान्सफर केसमध्ये फोर-व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधले जातात. वळणावर मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा घेतात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हा फरक जिरून जातो. कोरड्या डांबरावर घसरायला वावच नसतो, म्हणून पीळ शाफ्टमध्ये आणि दात्यांत साठतो: स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते, लिव्हर निघता निघत नाही. पुढे झिजलेले आणि मागे नवे टायर असले, तर सरळ रस्त्यावरही हेच घडतं.

यावर कुणी म्हणेल, चाळीस वर्षांची गाडी, झीज तर होणारच. होते, पण झिजेची खूण वेगळी. क्लच सोडताना ‘टक्’ वाजलं तर क्रॉस किंवा स्प्लाइन ढिले. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की घरघरीचा सूर बदलत असेल तर क्राउन-पिनियनवर संशय. निथळलेल्या तेलात लोखंडाची चुरी दिसली तर तो पुरावाच. पिळाची गोष्ट निराळी: गाडी थोडी मागे घेतली की तो सुटतो आणि लिव्हर हलकी होते. ही साधी परीक्षा न करता पेटी उतरवणं म्हणजे मालकाचा पैसा वाया घालवणं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: इथे माणसं वाहिली ती काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांनी, आणि त्यातल्या बहुतेक टू-व्हीलच होत्या, मग फोर-व्हीलचा एवढा विचार कशाला? मला वाटतं, अडचण तिथूनच सुरू झाली. रोज हाताखाली येतं ते अंगवळणी पडतं. मागचा ॲक्सल डोळे मिटून जुळवणारे कारागीर तयार झाले. पुढचा ॲक्सल त्या मानाने परका राहिला. म्हणून लिलावातून शेतकऱ्याकडे आलेली एखादी सरकारी जीप आजही तपासायची झाली, तर पहिला प्रश्न तिच्या चालकाला विचारावा: फोर-व्हील शेवटचं कुठे टाकलं होतं, वावरात की हायवेवर?