सोसायटी

सोसायटी (नाम, स्त्रीलिंगी, अनेकवचन सोसायट्या). इंग्रजीतून मराठीत आलेला शब्द. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात त्याचा पहिला अर्थ शेतकऱ्यांना पीककर्ज देणारी गावची सहकारी संस्था. त्याहून जास्त तोंडी असलेला अर्थ म्हणजे त्या संस्थेचे कर्जच. ‘यंदा किती सोसायटी काढली?’, ‘सोसायटी थकलीय’, ‘ऊसबिलातनं सोसायटी कापून गेली’ अशी वाक्ये कराड, वाळवा, पलूस, खटाव या तालुक्यांत कोणालाही समजावून सांगावी लागत नाहीत. इंग्रजीत मात्र या शब्दाला कर्ज हा अर्थ कधीच नव्हता. तो इथल्या शेतकऱ्याने दिला.

लॅटिनमध्ये ‘सोसियस’ म्हणजे सोबती. त्यावरून झालेला शब्द फ्रेंचमार्गे सोळाव्या शतकात इंग्रजीत स्थिरावला, तेव्हा त्याचा अर्थ संगत, सहवास असाच होता. पुढे एखाद्या कामासाठी जमलेल्या मंडळालाही तो लागू लागला. लंडनची रॉयल सोसायटी १६६० ची. दुसरीकडे तोच शब्द फुगत जाऊन अख्खा मानवी समाज त्यात मावू लागला, तर श्रीमंतांच्या मेजवान्यांच्या वर्तुळात तो मूठभर घराण्यांपुरता आखडला. मराठीतली ‘हाय सोसायटी’ तिथून आली. सातारा-सांगलीच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचा आहे तो एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधला कामगारांचा अर्थ. आजारपण, मयत, घर, किराणा यांसाठी पैसा एकत्र करणाऱ्या त्यांच्या संघटना सोसायटी म्हणूनच ओळखल्या जात. १८४४ मध्ये रॉचडेलच्या विणकरांनी आणि कारागिरांनी काढलेले सामायिक दुकान हे त्यांतले सर्वांत गाजलेले उदाहरण.

मुंबई इलाख्यात हा शब्द आला तो शाळा आणि पुस्तके घेऊन. १८२२ मध्ये स्थापन झालेल्या नेटिव्ह स्कूल बुक सोसायटीचे मराठी नाव ‘हैंदशाळा शाळापुस्तक मंडळी’ असे होते. त्या पिढीला परका शब्द जसाच्या तसा घेण्याची गरज वाटली नाही. मंडळी, सभा, समाज असे शब्द हाताशी होते. सार्वजनिक सभा १८७० ची, सत्यशोधक समाज १८७३ चा. १८८४ मध्ये पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली आणि सुशिक्षित मराठी माणसाच्या बोलण्यात इंग्रजी नाव कायमचे बसले. याच सोसायटीने १९१९ मध्ये सांगलीला विलिंग्डन महाविद्यालय काढले. त्याच वर्षी कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. एका नावात सोसायटी, दुसऱ्या नावात संस्था, आणि दोन्हींत शिकलेली मुले पुढे याच भागाचा सहकार चालवायला आली.

शेतकऱ्याच्या घरात हा शब्द पोहोचला तो सावकारीच्या प्रश्नातून. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्या उठावाची झळ तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या, आज सांगलीच्या शिराळा तालुक्यात असलेल्या कोकरूडलाही लागली. तिथेही सावकारावर जमाव चालून गेला. सरकारने १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला आणि तो पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांना लावला. कायद्याने जमिनीचा लिलाव थोपवता येत होता, पण पेरणीला लागणारा पैसा त्यातून उभा राहत नव्हता. तो कुठून आणायचा याचे उत्तर जर्मनीत सापडले. राइफायझन यांनी तिथल्या खेड्यांत चालवलेल्या पतपेढ्यांचा नमुना समोर ठेवून १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा आला. १९०५ मध्ये धारवाड भागातल्या कणगिनहाळ या गावी इलाख्यातली पहिली शेतकी सोसायटी नोंदली गेली.

त्या कायद्यातली एक अट आज कोणाच्या ध्यानात नाही, पण या शब्दाचा खरा कणा तीच होती. खेड्यातल्या सोसायटीच्या सभासदांची जबाबदारी अमर्यादित होती. एकाने बुडवले तर बाकीच्यांच्या मालमत्तेवरही टाच येऊ शकत होती. म्हणून कोणाला किती द्यायचे हे शेजाऱ्याची चाल, त्याचे बैल आणि त्याची बायका-पोरे ओळखणारे लोकच ठरवत. सोबती या मूळ अर्थाच्या इतके जवळ हा शब्द मराठी मुलखात पुन्हा कधी आला नाही. पुढे जबाबदारी भागापुरती मर्यादित झाली. गावोगावच्या पाट्यांवर नावाच्या शेवटी रंगवलेले ‘लि.’ किंवा ‘मर्या.’ हे त्या बदलाचे चिन्ह आहे.

स्वातंत्र्यानंतर परिस्थितीची मोजदाद झाली तेव्हा निकाल कठोर निघाला. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के भरला. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ त्या पाहणी समितीचे सदस्य होते. एवढ्या अपयशानंतरही समितीने सहकार सोडा असे म्हटले नाही. सरकारने भागभांडवल घालून तो उभा करावा, असे सुचवले. १९५९ च्या नागपूर काँग्रेस अधिवेशनानंतर कर्जाबरोबर खत, बियाणे, औषधे, रॉकेल, धान्य देणाऱ्या सेवा सोसायट्यांचा आग्रह सुरू झाला. ‘विविध कार्यकारी सहकारी सेवा सोसायटी’ या लांबलचक नावातला ‘सेवा’ हा शब्द त्या काळाचा. १९४९ मध्ये वेगळा झालेला दक्षिण सातारा जिल्हा १९६० मध्ये सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि त्याच वर्षीच्या राज्याच्या नव्या सहकार कायद्याच्या मराठी नावात ‘संस्था’ हा शब्द आला. गावाने मात्र सोसायटी सोडली नाही.

कर्ज हा अर्थ कसा चिकटला ते व्यवहारात दिसते. गटसचिव सातबारा आणि आठ-अ बघून पीकवार, एकरी दराने मर्यादा ठरवतो. पैसा जिल्हा मध्यवर्ती बँकेचा असतो, पण शेतकऱ्याच्या नावावर चढतो तो सोसायटीमार्फत. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बोजा लागतो तोही गावच्या सोसायटीच्या नावाने. जमीन विकायची, वाटणी करायची, दुसऱ्या बँकेकडे जायचे, तर आधी सोसायटीचा बेबाकी दाखला आणावा लागतो. ऊस कारखान्याला गेला की वसुली बिलातूनच होते. या चक्रात सभासदाच्या हाती शब्दाचे एकच टोक उरते, ते येणे-देण्याचे.

मार्चअखेरीस हे जास्त उघडपणे दिसते. मुदतीत भरले तर व्याजाची सवलत मिळते, थकले तर ती जाते आणि नवे कर्जही अडते. हातात पैसा नसलेला शेतकरी पाहुण्याकडून, दुकानदाराकडून, प्रसंगी व्याजाने चार दिवसांसाठी रक्कम उचलतो, सोसायटी भरतो, नवी सोसायटी मंजूर झाली की उसने फेडतो. याला ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. कागदावर शंभर टक्के वसुली होते आणि शेतकरी होता तिथेच राहतो. सावकाराला हटवण्यासाठी निघालेल्या संस्थेचे कर्ज वेळेत भरता यावे म्हणून पुन्हा खासगी कर्ज काढावे लागणे, ही या भागातल्या सहकाराची सर्वांत दुखरी जागा आहे. २००८, २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफ्यांनी ‘सोसायटी माफ झाली’ हा आणखी एक प्रयोग भाषेत रुळवला.

शब्दाला राजकीय अर्थही आहे. जिल्हा बँकेच्या संचालक मंडळात सोसायट्यांचा स्वतंत्र मतदारसंघ असतो. प्रत्येक सोसायटी ठराव करून एका प्रतिनिधीला मताचा अधिकार देते, आणि निवडणूक जवळ आली की ‘ठराव कोणाचा?’ यावर गावातले गट हमरीतुमरीवर येतात. मतदार मोजके असल्याने एकेका मताला किती वजन येते ते नोव्हेंबर २०२१ च्या सातारा जिल्हा बँकेच्या निवडणुकीत दिसले. जावळी सोसायटी मतदारसंघात ज्ञानदेव रांजणे यांना २५ मते मिळाली, आमदार शशिकांत शिंदे यांना २४. तेव्हाचे सहकारमंत्री बाळासाहेब पाटीलही कराडच्या सोसायटी मतदारसंघातूनच लढत होते. मंत्रिपदावरच्या माणसालाही गावच्या सोसायटीच्या दारात जावे लागते, ही या संस्थेची ताकद आहे. ठराव मुठीत राहावा म्हणून नव्या सभासदांना दार बंद ठेवले जाते, हे त्याच ताकदीचे दुसरे फळ.

याच जिल्ह्यांत शब्दाला वेगळी उंची देणारे उदाहरण मिरज तालुक्यातल्या म्हैसाळचे. १९६९ च्या सुमारास मधुकरराव देवल यांच्या पुढाकाराने तिथल्या दलित कुटुंबांनी श्री विठ्ठल संयुक्त सहकारी शेती सोसायटी उभी केली. सावकारांकडे अडकलेल्या जमिनी सोडवून त्या एकत्र कसायच्या, पाणी आणायचे, असा तो प्रयत्न. इथे सोसायटी म्हणजे कर्जाचा आकडा नव्हता. गमावलेली जमीन परत मिळवण्याचे साधन होते. सहकाराच्या चर्चेत साखर कारखान्यांची नावे जितक्यांदा येतात त्याच्या निम्म्यानेही म्हैसाळचे येत नाही, ही उणीव भरून निघायला हवी.

बाकीचे अर्थ थोडक्यात. शिक्षक, एसटी कर्मचारी अशा पगारदारांच्या बोलण्यात सोसायटी म्हणजे पगारातून होणारी कपात. कृष्णाकाठी पाणीपुरवठा सोसायट्यांनी नदीचे पाणी माळावर चढवले. मुंबईत हा शब्द घराचा झाला. गावदेवीची सारस्वत गृहनिर्माण सोसायटी १९१५ ची. पाटण आणि जावळीतून मुंबईला गेलेल्या गिरणी आणि माथाडी कामगारांच्या घरांत त्यामुळे दोन्ही अर्थ नांदतात. मुलगा कोपरखैरण्याहून ‘सोसायटीची मीटिंग आहे’ म्हणतो ती इमारतीची, आणि गावाकडचे वडील ‘सोसायटीची मीटिंग’ म्हणतात ती ठरावाची.

२०२१ मध्ये केंद्रात स्वतंत्र सहकार मंत्रालय झाले आणि २०२२ मध्ये देशभरातल्या सुमारे ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर झाली. सरकारी कागदांत आता ‘पॅक्स’ हे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव दिसते. जनऔषधी केंद्र, नागरी सुविधा केंद्र अशी कामेही सोसायट्यांकडे सोपवली जात आहेत. पीककर्जाच्या मागणीसाठी सचिवाच्या टेबलासमोर बसलेल्या सभासदाच्या तोंडी मात्र अजून जुनाच शब्द आहे: ‘सोसायटी कधी मिळंल?’