लॉटरीचा पैसा : कलकत्ता आणि महाराष्ट्र

कलकत्त्यात १८१७ साली नेमलेल्या लॉटरी कमिटीने सोडतीच्या उत्पन्नातून रस्ते काढले, तळी खोदली. रस्ता कोठून जावा हे तिकीट घेणाऱ्यांनी ठरवले नव्हते, हे खरे. पण पैशाचे काय झाले ते डोळ्यांना दिसत होते. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये निघाली ती वेगळ्या भूमिकेतून. मटक्याकडे वाहणारा पैसा शासनाकडे वळवणे, हा तिचा हेतू. वळवल्यावर तो कोणत्या लोककार्यासाठी, हा प्रश्न मागे पडला. १९९८ च्या केंद्रीय कायद्यानेही तिकीटविक्रीची रक्कम राज्याच्या लोकलेख्यात भरण्याची अट घातली; विनियोगाचे क्षेत्र नेमून दिले नाही. केरळने मात्र ‘कारुण्य’ सोडतीचा नफा गरीब रुग्णांच्या उपचारांशी जोडला. आपल्याकडील तिकीटधारकाला असा एखादा दवाखाना बोट दाखवून सांगता येत नाही.