सावनेरची लेखणी आणि मंगेशीचा गळा

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या सडकेवर आधी सावनेर लागते आणि पुढे सौंसर. या दोन गावांच्या दरम्यान आज दोन राज्यांची सीमा आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याबरोबर सौंसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूखही तिकडेच राहिला. २०२३ मध्ये याच भागाचा पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु जामसावळीच्या पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनास जी कुटुंबे येतात, त्यांची बोली ऐकावी, म्हणजे भाषेच्या मुलखाला सरकारी खांब अडवीत नाहीत याची खात्री पटते.

या वाटेवरील सावनेरचा आणि गोमंतकातील श्रीमंगेशाच्या देवळाचा संबंध काय, असे वाचक विचारतील. तो संबंध एका नाटक मंडळीच्या द्वारे जडलेला आहे आणि त्याचीच हकीकत आज आम्हांस सांगावयाची आहे.

हल्ली शहरोशहरी चार-पाच तरुण एकत्र येतात, गिटार आणि ड्रम जमवितात, 'रॉक बँड' म्हणून स्वतःचे एक नाव धारण करतात आणि भाड्याच्या खोलीत रात्ररात्र तालमी करून कीर्तीची वाट पाहतात. वडीलधाऱ्यांस हा प्रकार अगदी नवा वाटतो. वस्तुतः शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे हीच धडपड चालत असे; वाद्ये वेगळी होती आणि तिला 'संगीत मंडळी' असे म्हणत. घरदार सोडलेली मुले, सामाईक बिऱ्हाड, एकच पंगत, पडदे आणि पेट्या घेऊन गावोगाव मुक्काम, आणि खेळाचे उत्पन्न आले नाही तर दुसऱ्या दिवशीच्या शिध्याची काळजी, असा तो संसार होता. अशा शेकडो मंडळ्या निघाल्या आणि विराम पावल्या. ज्या थोड्यांचे नाव राहिले, त्यांत बळवंत संगीत मंडळीची गणना होते.

या मंडळीची कथा मंगेशीपासून सुरू केली पाहिजे. श्रीमंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी. पोर्तुगीज अंमलात देवळांवर संकट आले, तेव्हा १५६० मध्ये भाविकांनी देवाला तेथून हलवून प्रियोळास नेले. देवाबरोबर पूजा आली, उत्सव आले, आणि उत्सवांबरोबर गाणे-बजावणेही आले. देवळाच्या सेवेत असलेल्या कलावंत स्त्रियांच्या घराण्यांनी ते पिढ्यानपिढ्या सांभाळले. पालखीपुढे त्यांनी गावे, सभामंडपात त्यांनी नाचावे, आणि उत्सव संपला की समाजाने त्यांस आपल्या पंक्तीबाहेर बसवावे, अशी ती रीत होती. तिचा उच्चार करताना आजही संकोच वाटतो. तथापि इतिहास लिहावयाचा तर हा संकोच बाजूस ठेवलाच पाहिजे.

अशाच एका घरी, येसूबाई या कलावंत मातेच्या पोटी, २९ डिसेंबर १९०० रोजी दीनानाथांचा जन्म झाला. वडील गणेशभट अभिषेकी हे मंगेशाच्या देवळात अभिषेकाचे काम करीत. वडिलांचे आडनाव या मुलास लाभले नाही. पुढे त्याने देवाच्या आणि गावाच्या नावावरून 'मंगेशकर' हे आडनाव घेतले. ज्या देवळाच्या उंबरठ्याशी त्याच्या आईची सेवा रुजू झाली, त्याच देवळाचे नाव मुलाने आपल्या कुळाला दिले. यातील स्वाभिमान वाचकांनी ओळखावा.

बाबा माशेलकरांकडे गाण्याचे पहिले धडे घेऊन हा मुलगा लहानपणीच किरलोस्कर नाटक मंडळीत दाखल झाला. किरलोस्कर मंडळी म्हणजे संगीत नाटकाचे आद्यपीठच. १८८० मध्ये अण्णासाहेब किरलोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणून तिचा पाया घातला होता. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तीन आधारस्तंभ बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यानंतर किरलोस्कर मंडळीला जो गळा सापडला, तो मास्टर दीनानाथांचा.

१९१८ मध्ये मात्र दीनानाथांनीही तो आश्रय सोडला. त्यांच्याबरोबर चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे होते. तिघांनी मिळून बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. अण्णासाहेब किरलोस्करांचे मूळ नावही बळवंतच होते. तेव्हा जुने घर सोडतानाही या तरुणांच्या मुखी मूळ पुरुषाचेच नाव आले, असे म्हणावयास हरकत नाही. दीनानाथांस त्या वेळी नुकतेच सतरावे वर्ष पुरे झाले होते. चिंतामणरावांचा जन्म १८९१ चा, म्हणजे तेही अद्याप तिशीच्या आतच होते.

या नव्या मंडळीची स्थिती कशी असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. समोर गंधर्व मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श अशा दोन बलाढ्य संस्था. भरजरी पोशाख त्यांच्याकडे, नामांकित गवई त्यांच्याकडे, आणि प्रेक्षकांची ओढही त्यांच्याचकडे. त्यातच १९१८ च्या उत्तरार्धात इन्फ्ल्युएंझाच्या साथीने मुंबई इलाखा आणि मध्यप्रांत यांत हाहाकार उडविला. जुनी नाटके करावीत, तर ती लोकांनी अधिक मोठ्या नटांच्या तोंडून ऐकलेली. अशा वेळी अप्रसिद्ध मंडळीला तारणारी वस्तू एकच: केवळ तिच्यासाठी लिहिलेले, दुसऱ्या कोणापाशी नसलेले नवे नाटक. गळा कितीही तेजस्वी असला, तरी त्याला शब्द दुसऱ्याकडूनच मिळावे लागतात.

ते शब्द राम गणेश गडकऱ्यांनी दिले. गडकऱ्यांचा जन्म २६ मे १८८५ चा, नवसारीचा. तेही एके काळी किरलोस्कर मंडळीतच नोकरीस होते, म्हणून या मुलांची धडपड त्यांस घरचीच होती. 'प्रेमसंन्यास' आणि 'पुण्यप्रभाव' या नाटकांनी त्यांची कीर्ती झालेली होती. कवी गोविंदाग्रज आणि विनोदी लेखक बाळकराम या नावांनीही महाराष्ट्र त्यांस ओळखत होता. अशा लेखकाचे नवे नाटक मिळविण्यास कोणतीही मोठी मंडळी तयार होती, आणि त्यांचे 'एकच प्याला' गंधर्व मंडळीकडे गेलेही. पण 'भावबंधन' त्यांनी बळवंतांसाठी लिहावयास घेतले.

तोवर आजाराने त्यांचे शरीर पोखरले होते. अखेरच्या दिवसांत ते सावनेरास आपल्या बंधूंच्या घरी आले. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांपासून शेकडो मैल दूर, संत्र्यांच्या आणि कापसाच्या या मुलखात, अंथरुणाला खिळलेला एक तेहेतीस वर्षांचा पुरुष आपल्या नाटकाचे शेवटचे प्रवेश पुरे करीत होता. 'भावबंधन' पुरे झाले. संभाजी महाराजांवरील 'राजसंन्यास' अपुरेच राहिले. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे गडकऱ्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात बडोद्यास 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग झाला, तो पाहण्यास नाटककार नव्हता. आणि त्यानंतर 'भावबंधन' रंगभूमीवर आले, तेव्हाही नव्हता.

त्या काळी सावनेर आणि सौंसर दोन्ही मध्यप्रांत-वऱ्हाडातच मोडत होती. आम्ही या सडकेने जातो तेव्हा हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही की, ज्याची दिवसांची शिल्लक संपत आली आहे अशा लेखकाने आपली उरलेली शक्ती एका नवख्या मंडळीला दिलेला शब्द पाळण्यात खर्च केली. मंडळीला तेव्हा मान नव्हता, द्रव्य नव्हते, भवितव्यही अनिश्चित होते. होता तो केवळ लेखकाचा विश्वास.

त्या विश्वासाचे चीज झाले. 'भावबंधन'मधील घनश्याम हा अपमानाने पेटलेला, थंड डोक्याने सूड घेणारा खलपुरुष. चिंतामणरावांनी तो असा उभा केला की पुढे त्या भूमिकेचे माप त्यांच्यावरूनच घेतले जाऊ लागले. दीनानाथांनी लतिका केली. दिनकर ढेरे या विनोदी नटाने कामण्णा इतका रंगविला की लोक त्यांचे आडनाव विसरले आणि ते जन्मभर 'दिनकर कामण्णा' म्हणूनच ओळखले गेले. एका नाटकाने तीन नटांस तीन कायमच्या मुद्रा दिल्या, आणि ज्या मंडळीचे नाव लोक चौकशी करून घेत होते, तिच्या खेळांची लोक वाट पाहू लागले.

पुढील काळात बळवंत मंडळीने आपली वाट बदलली. दीनानाथांनी स्त्रीभूमिकांच्या जोडीला वीर नायकाच्या भूमिका घेतल्या. 'मानापमान'मधील त्यांचा धैर्यधर गाजला. रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या बुजुर्ग गवयाचे मार्गदर्शन लाभले. दीनानाथांचे गाणे बालगंधर्वांच्या गाण्याहून निराळे होते. बालगंधर्वांच्या गाण्यात मार्दव होते, तर दीनानाथांच्या गाण्यात पंजाबी वळणाच्या ताना आणि वीजेसारखी झेप होती. अशा गळ्यास शोभेल असे नाटक १९२७ मध्ये अमरावतीच्या वीर वामनराव जोशींनी दिले, ते 'रणदुंदुभी'. स्वतः कारावास भोगलेल्या या देशभक्ताच्या नाटकात पारतंत्र्याविरुद्धचा त्वेष भरलेला होता. १९३१ मध्ये सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' आणि १९३३ मध्ये अमरावतीस जन्मलेल्या विश्राम बेडेकरांचे 'ब्रह्मकुमारी' ही नाटकेही याच मंडळीने रंगभूमीवर आणली. वाचकांनी हिशेब करून पाहावा. मंडळीचा स्वर गोमंतकाचा होता; परंतु तिला नाव मिळवून देणारे नाटक सावनेरास पुरे झाले आणि पुढील दोन नाटकांचे लेखक वऱ्हाडने दिले. गोमंतकाचा गळा आणि विदर्भाची लेखणी यांचा असा योग इतरत्र क्वचितच आढळेल.

उत्कर्ष सांगितला, तसा अपकर्षही सांगणे प्राप्त आहे. १९३१ मध्ये 'आलम आरा' हा पहिला बोलपट आला, १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' या बोलपटाने मराठी प्रेक्षक चित्रगृहांकडे वळविला, आणि नाटक मंडळ्यांचे उत्पन्न आटू लागले. बळवंतांनीही काळाबरोबर जावे म्हणून बळवंत पिक्चर्स ही संस्था काढली. १९३४ च्या 'कृष्णार्जुन युद्ध' या बोलपटाने मात्र हात दिला नाही. कर्ज वाढले आणि मंडळी विराम पावली. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यास दीनानाथांचे देहावसान झाले. वय अवघे एकेचाळीस. चिंतामणरावांनी आपले आत्मचरित्र 'बहुरूपी' लिहिले. त्यास १९५८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि दुसऱ्याच वर्षी तेही गेले.

मग शिल्लक काय राहिले? २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरास दीनानाथांस कन्या झाली. तिचे नाव प्रथम हेमा ठेवले होते. पुढे 'भावबंधन'मधील लतिकेवरून ते बदलून लता करण्यात आले. वडील गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि सारे कुटुंब तिच्या खांद्यावर आले. त्यानंतरची ऐंशी वर्षे, ६ फेब्रुवारी २०२२ पर्यंत, त्या नावाने काय केले हे सांगण्याची गरज नाही. बंगालपासून केरळापर्यंत जे नाव घरोघरी उच्चारले गेले, ते त्या नाटकातील आहे, ज्याचे अखेरचे शब्द सौंसरच्या शेजारगावी एका मृत्युशय्येवर लिहिले गेले.

मंगेशीस जाणारे भाविक देवाचे दर्शन घेऊन दीपमाळ पाहतात आणि मंगेशकरांचे नाव अभिमानाने सांगतात. तो अभिमान योग्यच आहे. परंतु तो सांगताना येसूबाईंचे नाव किती जण घेतात? आणि सावनेरवरून जाणाऱ्या किती मराठी माणसांस तेथे गडकऱ्यांचा देह पडला हे ठाऊक असते? मंडळीला यश मिळाले की यशाचे धनी पुढे दिसतात. ज्या आईने गळा दिला आणि ज्या लेखकाने शब्द दिला, ती माणसे पडद्यामागे राहतात. देवळांचा इतिहास लिहिताना आपण जीर्णोद्धारास देणगी देणाऱ्यांची नावे दगडावर कोरतो. त्याच दगडावर, देवापुढे पिढ्यानपिढ्या गायिलेल्या स्त्रियांसाठी एखादी ओळ असावी, आणि सौंसर-सावनेरच्या वाटेवरील शाळांतून मुलांस ही हकीकत सांगितली जावी, एवढीच आमची वाचकांपाशी विनंती आहे.