लूर्द येथील रोगमुक्ती व चमत्कारांची चौकशी

लूर्द : फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी वसलेले गाव आणि कॅथलिक ख्रिस्ती लोकांचे तीर्थक्षेत्र. 11 फेब्रुवारी ते 16 जुलै 1858 या काळात मासाब्येल गुहेत बर्नादेत सुबिरू या चौदा वर्षांच्या गरीब मुलीला पवित्र मरियेचे अठरा वेळा दर्शन झाले, अशी श्रद्धा आहे. 25 फेब्रुवारीला तिने गुहेतली माती उकरली आणि तेथे झरा लागला. तुलूझचे रसायनतज्ज्ञ फिल्होल यांनी त्याच वर्षी ते पाणी तपासले. रोग बरा करील असे काही त्यात आढळले नाही. तार्बचे बिशप लोरांस यांनी 1862 मध्ये दर्शने खरी असल्याचे जाहीर केले व सात रोगमुक्तींना मान्यता दिली. बर्नादेत स्वतः दमा व क्षयाने आजारी होती. ती 1879 मध्ये पस्तिसाव्या वर्षी नेव्हेरच्या मठात वारली. 1933 मध्ये तिला संतपद मिळाले.

चौकशीची पद्धत : लूर्दचे खरे वेगळेपण येथे आहे. देवस्थानातच 1883 मध्ये वैद्यकीय कचेरी सुरू झाली आणि बरे झाल्याचे सांगणाऱ्याची तपासणी करण्याची मुभा कोणत्याही डॉक्टरला मिळाली. तो श्रद्धावान असो वा नास्तिक. पुढे डॉ. ब्वासारी यांनी कचेरीला शिस्त लावली. निकष मात्र जुने आहेत. अठराव्या शतकात लाम्बेर्तिनी (नंतरचे पोप बेनेडिक्ट चौदावे) यांनी ते मांडले : रोग गंभीर असावा, तो ओसरू लागलेला नसावा, औषधांचा गुण आलेला नसावा, सुधारणा अकस्मात, पूर्ण व कायमची असावी. कचेरीतून निवडक प्रकरणे आंतरराष्ट्रीय वैद्यकीय समितीकडे जातात. ‘आजच्या वैद्यकीय ज्ञानाने याचा उलगडा होत नाही’ एवढेच ती म्हणू शकते आणि त्यालाही दोन तृतीयांश बहुमत लागते. चमत्कार म्हणण्याचा अधिकार रुग्णाच्या धर्मप्रांताच्या बिशपांचा. डॉक्टरांनी अनुकूल निष्कर्ष दिला तरी बिशपांवर तसे जाहीर करण्याचे बंधन नाही. आधुनिक संशयाला बाहेर न ठेवता दारातच खुर्ची देणारी ही व्यवस्था श्रद्धेच्या इतिहासात मोलाची मानली पाहिजे.

सुमारे सात हजार प्रकरणांची कागदपत्रे जमली असून त्यांपैकी मान्यता फक्त 72 प्रकरणांना मिळाली आहे. अलीकडे मान्यता दुर्मीळ झाली. कर्करोगाच्या रुग्णावर आज शस्त्रक्रिया, किरणोपचार, औषधे असे सर्व काही झालेले असते. मग सुधारणा कशामुळे झाली हे वेगळे काढणे जवळजवळ अशक्य होते.

गाजलेली प्रकरणे : कादंबरीकार एमिल झोला 1892 मध्ये लूर्दला आले. 1894 च्या ‘लूर्द’ कादंबरीत त्यांनी तिथे बऱ्या झालेल्या एका क्षयरुग्ण स्त्रीवर बेतलेले पात्र पुन्हा आजारी पडलेले दाखवले. प्रत्यक्षात ती स्त्री पुढे अनेक वर्षे जगली आणि ब्वासारींनी या बदलावर जाहीर आक्षेप घेतला. कादंबरी रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेली.

शल्यविशारद आलेक्सी कारेल 1902 मध्ये लीयाँहून रुग्णांच्या गाडीबरोबर आले. उदरक्षयाने मरणपंथाला लागलेल्या तरुणीचे फुगलेले पोट त्यांच्या देखत उतरले. त्यांनी चमत्कार म्हटले नाही, नाकारलेही नाही. यामुळे दोन्ही बाजूंचा रोष ओढवला. ते फ्रान्स सोडून अमेरिकेत गेले आणि 1912 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लूर्दवरचे त्यांचे लेखन मृत्यूनंतरच छापले गेले. त्या तरुणीच्या प्रकरणाला मात्र ख्रिस्तसभेने मान्यता दिली नाही. समर्थकांच्या लेखनात ही गोष्ट क्वचित आढळते, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवली आहे.

बेल्जियममधील पिएर दे रुडर यांचा मोडलेला पाय आठ वर्षे सांधला नव्हता. 1875 मध्ये ओस्ताकर येथील लूर्दमातेच्या देवस्थानात तो एकाएकी सांधला, असे सांगितले जाते. 1908 मध्ये मान्यता मिळाली. पुराव्याबद्दल मतभेद आहेत.

आक्षेप : नैसर्गिक नियमांविरुद्धची साक्ष कितीही असली तरी ती चुकीची असण्याचा संभव अधिक, हा डेव्हिड ह्यूम यांचा 1748 मधील युक्तिवाद आजही पुढे केला जातो. प्रॉटेस्टंट धर्मपंडित बी. बी. वॉरफील्ड यांनी 1918 च्या ग्रंथात लूर्दच्या दाव्यांवर टीका केली. प्रेषितांच्या काळानंतर असे चमत्कार थांबले, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे आक्षेप घेणारे सगळे नास्तिक नव्हते. कॅथलिक शिकवणुकीनुसारही लूर्दच्या दर्शनांवर विश्वास ठेवणे श्रद्धाळूला बंधनकारक नाही.

यात्रेकरूंचे जीवन : दरवर्षी लाखो लोक येतात, बहुतेक शरीराने बरे न होताच परततात.

अलीकडील मान्यता : सत्तरावी 2018 मध्ये, एका फ्रेंच जोगिणीच्या 2008 मधील रोगमुक्तीला. एकाहत्तरावी 2024 मध्ये, 1923 साली बऱ्या झालेल्या ब्रिटिश सैनिकाला. बहात्तरावी एप्रिल 2025 मध्ये, एका इटालियन स्त्रीला.

भारतातील संबंध : मुंबईत मालाडच्या ऑर्लेम भागातील चर्च लूर्दमातेच्या नावाने आहे. लूर्दमातेचा सण 11 फेब्रुवारीला असतो; पोप जॉन पॉल दुसरे यांनी हाच दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून ठरवला आणि तो 1993 पासून पाळला जातो.