कोलेस्टेरॉलच्या वाटेवरील अखेरची पायरी

मानवी पेशी अ‍ॅसिटेट या 2 कार्बन अणूंच्या घटकापासून आरंभ करून स्क्वालीन ही 30 कार्बन अणूंची साखळी जुळवते. ती साखळी मिटून 4 कड्यांचे लॅनोस्टेरॉल बनते आणि पुढील अनेक अभिक्रियांनंतर 27 कार्बन अणूंचे कोलेस्टेरॉल सिद्ध होते. लॅनोस्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल यांच्या दरम्यान घडणाऱ्या संयुगांना मध्यवर्ती स्टेरॉल म्हणतात. या संश्लेषणाच्या उलगड्यासाठी कोनराड ब्लॉख आणि फेओडोर लीनेन यांना 1964 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ही संयुगे साचली तर शरीराचे काय होते, हे रुग्णांच्या हालांतूनच उमगले.

अमेरिकेत 1960 मध्ये विक्रीस आलेले ट्रायपॅरानॉल हे कोलेस्टेरॉल घटवणारे औषध डेस्मोस्टेरॉल या मध्यवर्ती स्टेरॉलचे कोलेस्टेरॉल करणारे विकर, म्हणजेच एन्झाइम, रोखत असे, त्यामुळे रक्तात डेस्मोस्टेरॉल साचू लागले. त्या काळी रंगाच्या गडदपणावरून कोलेस्टेरॉल मोजत आणि डेस्मोस्टेरॉल त्या चाचणीत फिका रंग देत असल्याने घट प्रत्यक्षाहून मोठी भासे. मोतीबिंदू, केसगळती आणि त्वचाविकार दिसून आल्यावर 1962 मध्ये हे औषध मागे घेण्यात आले. पुढे जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांच्या संशोधनातून उदयास आलेली स्टॅटिन औषधे हीच वाट पुष्कळ आधी, स्टेरॉल घडण्यापूर्वीच अडवतात, म्हणून त्यांच्यामुळे असा साठा होत नाही.

जन्मजात दोषाची कथाही याच वाटेवरची आहे. लहान डोके, पायाची दुसरी व तिसरी बोटे जोडलेली असणे आणि बौद्धिक वाढ खुंटणे अशी लक्षणे असलेल्या विकाराचे वर्णन स्मिथ, लेम्ली आणि ओपित्झ यांनी 1964 मध्ये केले, पण त्याचे मूळ 1993 मध्ये सापडले: 7-डीहायड्रोकोलेस्टेरॉलचे कोलेस्टेरॉल करणारे विकर दुबळे असल्याने पहिले साचते आणि दुसरे अपुरे पडते. ज्या संयुगापासून त्वचेत सूर्यप्रकाशाने ड जीवनसत्त्व बनते, तेच येथे प्रमाणाबाहेर साठते. गर्भाच्या घडणीचे संकेत देणाऱ्या हेजहॉग प्रथिनाला कोलेस्टेरॉलची जोड लागते, त्यामुळे ही उणीव जन्मापूर्वीच जाणवते. काही बाधित बालकांचे एकूण कोलेस्टेरॉल सामान्य मर्यादेत दिसते. म्हणून निदानासाठी प्रत्येक स्टेरॉल वेगळा करून मोजावा लागतो, आणि ट्रायपॅरानॉलच्या काळातील रंगचाचणी नेमकी तेथेच उणी पडली होती.