दगडावरील अक्षर, कागदावरील ठसा

कुही तालुक्यातील अडम येथे १९८८ ते १९९२ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन केले. त्यात अस्सक जनपदाचा ब्राह्मी लिपीत उल्लेख असलेली मातीची मुद्रा मिळाली. अंगुत्तरनिकायातील सोळा महाजनपदांमध्ये अस्सकाची गणना आहे. पालि ग्रंथातील नाव अशा रीतीने आमच्या भूमीतून अक्षररूपाने वर आले.

मातीवर ठसा उमटवून अक्षर टिकविण्याची ही रीत पुढे कागदाने उचलली. शिलालेख ब्रशने स्वच्छ करून त्यावर ओला कागद बसवितात. तो ठोकून कोरीव रेषांत उतरवितात आणि मग बोळ्याने शाई लावतात. खोल अक्षरे पांढरी राहतात, भोवताल काळा होतो. जपानमध्ये या ठशास ‘ताकुहोन’ म्हणतात. एदो काळातील (१६०३–१८६८) विद्वान सुलेखक चिनी शिलालेखांच्या ठशांवरूनच अक्षरवळण गिरवीत. नारा येथील याकुशीजी विहारात इ. स. ७५३ ची बुद्धपादशिला आहे. मृगदावातील पदचिन्हांची प्रत चीनमार्गे जपानला आली, असे त्या शिलेवरील लेखच सांगतो.

नजरेने केलेल्या नकलेत नकलाकाराचा समज मिसळतो. ठशात मात्र दगडाची झीजही जशीच्या तशी उतरते. म्हणूनच संशयित अक्षराचा निर्णय पिढ्यांनंतरही पुन्हा करता येतो. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेक येथील शिळेवर प्राणिहत्येस मनाई करणारी प्राचीन आज्ञा होती. तिच्यावरच पुढे वाकाटक काळात दुसरा लेख कोरला गेला. अशा ठिकाणी प्रत्येक रेषेस पुराव्याचे मोल असते.

कुहीच्या शेजारी, वैनगंगेकाठच्या पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी स्तूप उजेडात आणले. तेथील कठड्यांवर दानदात्यांची नावे कोरलेली आहेत आणि मुचलिंद नागाचे शिल्प त्याच्या नावासह आहे. राजांची नावे ताम्रपटांत राहतात. दान देणाऱ्या सामान्य उपासक-उपासिकांना मात्र या दगडाखेरीज दुसरा साक्षीदार नाही. दगड झिजला तर त्यांचे नाव इतिहासातून पुसले जाईल.

यास्तव गावात कोरीव दगड आढळल्यास त्यास शेंदूर, चुना वा रंग लावू नये आणि स्वतः शाईही लावू नये. पुरातत्त्व खात्यास कळवून जाणकारांकडून ठसा घ्यावा. पूर्वजांच्या दानाची नोंद जपणे हे आम्हा सर्वांचे कर्तव्य आहे.