पाळण्यांतले पाय

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात, अशी मराठींत म्हण आहे. अमेरिकेंत बास्केटबॉलच्या नादीं लागलेले लोक पाऊणशेंहून अधिक वर्षें जणूं या म्हणीचीच परीक्षा पाहत आले आहेत. दरवर्षीं महाविद्यालयांचे सामने संपले कीं तेथें एकच वाद रंगतो. विद्यार्थिदशेंत गाजलेल्या या तरुणांपैकीं धंदेवाईक संघांत कोण टिकेल आणि कोण मागें पडेल? वाद करमणुकीचा दिसतो खरा. परंतु त्याच्या निकालावर संघांचें द्रव्य, जाणकारांची अब्रू आणि वीस-बावीस वर्षांच्या एका मुलाचें भवितव्य अवलंबून असतें.

हा खेळ जन्मला तोच मुळीं विद्यालयांत. १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड येथें, वाय. एम. सी. ए. च्या शिक्षणसंस्थेंत, जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें सज्जाला पीच फळांच्या दोन करंड्या ठोकल्या आणि हिवाळ्यांत विद्यार्थ्यांना चार भिंतींच्या आंत खेळतां येईल असा हा खेळ बसविला. पुढें अर्धशतक तो महाविद्यालयांच्या आश्रयानें वाढला. पैसे घेऊन खेळणाऱ्यांचे संघ निघत आणि मोडत. अखेर १९४६ सालीं मोठ्या शहरांतील क्रीडागृहांच्या मालकांनीं संघांचें एक मंडळ स्थापन केलें. १९४९ सालीं दुसरें एक मंडळ त्यांत मिळालें आणि एन. बी. ए. या नांवानें प्रसिद्ध असलेली संस्था उभी राहिली. नव्या खेळाडूंसाठीं संघांनीं एकमेकांवर बोली चढवूं नये म्हणून १९४७ पासूनच एक रीत पडली होती. सर्व संघांनीं पाळीपाळीनें खेळाडू निवडावे, आणि साधारणपणें दुबळ्या संघाला आधीं पाळी मिळावी. या रीतीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. वर्षानुवर्षांच्या वादाला निश्चित तारीख आणि निश्चित क्रमांक मिळाले ते येथून.

पहिल्याच वर्षाची गोष्ट उद्बोधक आहे. पिट्सबर्गच्या संघानें सर्वांत प्रथम टेक्सस वेस्लेयन महाविद्यालयाच्या क्लिफ्टन मॅक्नीली याचें नांव घेतलें. मॅक्नीलीनें धंदेवाईक मैदानावर पाऊलहि ठेवलें नाहीं. टेक्ससमधील पाम्पा या गांवीं शाळेंतल्या मुलांना खेळ शिकविण्याचें काम त्यानें पत्करलें. पाय पाहणारांनीं पाय पाहिले. ते कोणत्या वाटेनें जाऊं इच्छितात हें मात्र कोणीं विचारलें नव्हतें.

१९५० सालीं बॉस्टनचा संघ आपल्या विभागांत तळाशीं होता. जवळच्याच वुस्टर शहरांतील होली क्रॉस महाविद्यालयाचा बॉब कूझी हा त्या प्रांताचा लाडका खेळाडू होता. न पाहतां चेंडू फेंकणें, पाठीमागून तो खेळविणें, या त्याच्या लीला पाहण्यास झुंबड उडे. त्यालाच घ्यावें अशी शहराची इच्छा होती. परंतु बॉस्टनचा नवा शिक्षक रेड ऑरबॅक याच्या मतें संघाचें काम जिंकणें हें होतें, शहराचे लाड पुरविणें नव्हे. कूझीची उंची सहा फूट एक इंच. ऑरबॅकनें सहा फूट अकरा इंच उंचीच्या चक शेअरला निवडलें. कूझी दुसऱ्या संघाच्या वांट्याला गेला, तेथून शिकागोकडे आला, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वींच शिकागोचा तो संघ मोडला. तेव्हां त्याच्या तीन खेळाडूंच्या नांवांच्या चिठ्ठ्या टोपींत टाकण्यांत आल्या, आणि बॉस्टनचे मालक वॉल्टर ब्राऊन यांच्या हातीं कूझीची चिठ्ठी आली. नको म्हटलेला खेळाडू अशा रीतीनें गळ्यांत पडला. तोच पुढें सहकाऱ्यांना गुण मिळवून देणारा चेंडू पोंचविण्यांत ओळीनें आठ हंगाम सर्वांच्या पुढें राहिला, १९५७ सालीं वर्षांतला श्रेष्ठ खेळाडू ठरला आणि सहा विजेतेपदांचा वांटेकरी झाला.

कूझीच्या बाबतींत जाणकारांना गुण दिसले, पण ते दिखाऊ वाटले. बिल रसेलच्या बाबतींत गुण मोजण्याचें मापच नव्हतें. रसेलच्या सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठानें १९५५ आणि १९५६ या दोन्ही वर्षीं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलें होतें. तरीहि शंका निघाली कीं, याला करंडींत चेंडू टाकतां येतो कोठें? पहिली पाळी रॉचेस्टरची होती. त्यांनीं सायह्यूगो ग्रीन याला घेतलें. दुसरी पाळी सेंट लुईसची. त्यांनीं रसेलचा हक्क बॉस्टनला दिला आणि मोबदल्यांत एड मॅकॉली व क्लिफ हेगन हे दोन खेळाडू घेतले. रसेलची खरी विद्या प्रतिपक्षाचा चेंडू हवेंतच अडविण्याची होती. असे अडविलेले चेंडू एन. बी. ए. च्या नोंदवहींत १९७३-७४ च्या हंगामापासून लिहिले जाऊं लागले. रसेल तर १९६९ सालींच निवृत्त झाला होता. त्याच्या तेरा हंगामांत बॉस्टननें अकरा विजेतेपदें मिळविलीं. मात्र सेंट लुईसलाहि अगदींच मूर्ख ठरवितां येत नाहीं. त्या दोन खेळाडूंना घेऊन त्यांनीं १९५८ सालीं बॉस्टनलाच हरवून विजेतेपद जिंकलें.

या वादांत वारंवार आठवला जातो तो प्रसंग १९८४ चा. ह्यूस्टननें प्रथम अकीम ओलाजुवान याला निवडलें, आणि त्यांना पुढें पश्चात्ताप करण्याचें कारण पडलें नाहीं. दुसरी पाळी पोर्टलंडची होती. उत्तर कॅरोलिना विद्यापीठाचा मायकेल जॉर्डन समोर होता. परंतु त्याच जागेवर खेळणारा क्लाइड ड्रेक्स्लर त्यांनीं आदल्याच वर्षीं घेतलेला होता. उणीव होती ती उंच मध्यवर्ती खेळाडूची. म्हणून त्यांनीं केंटकी विद्यापीठाचा सात फूट एक इंच उंचीचा सॅम बोवी पसंत केला. नडगीचें हाड मोडल्यामुळें बोवीचे महाविद्यालयांतील दोन हंगाम फुकट गेले होते. येथें पाय पाहण्याचा प्रश्न अक्षरशः पाय पाहण्याचाच होता. डॉक्टरांनीं तपासणी केली आणि अनुकूल मत दिलें. परंतु पोर्टलंडच्या पांच हंगामांत बोवी अवघे १३९ सामने खेळूं शकला. तिसऱ्या पाळीला शिकागोनें घेतलेल्या जॉर्डननें त्या शहराला सहा विजेतेपदें मिळवून दिलीं. त्यांतील १९९२ चें तर पोर्टलंडलाच हरवून.

तेव्हांपासून चुकीच्या निवडीला बोवीचें नांव चिकटलें. पुढें २०१२ सालीं एका माहितीपटांत बोवीनें स्वतःच सांगितलें कीं, तपासणीच्या वेळीं पायावर ठोकून पाहत असतां दुखत होतें, तरी त्यानें दुखत नाहीं असें उत्तर दिलें होतें. कारण जिवलगांच्या गरजा त्याच्या डोळ्यांसमोर होत्या. या एका कबुलीनें साऱ्या वादाचा रंग पालटतो. जाणकार ज्याला माल समजून पारखीत होते, तो एक घाबरलेला तरुण होता. असें असूनहि तो एकंदर दहा हंगाम खेळला. हें अपयश नव्हे. जॉर्डनच्या शेजारीं उभें केलें म्हणून तें अपयश दिसतें.

जॉर्डनचा पुढचा इतिहासहि बोलका आहे. २००६ सालीं महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्यें गोन्झागा विद्यापीठाचा ॲडम मॉरिसन आणि ड्यूक विद्यापीठाचा जे. जे. रेडिक यांच्या नांवानें सारा देश दुभंगला होता. दोघेहि गुणांचा पाऊस पाडीत. मॉरिसन उंच, रेडिक ठेंगणा, आणि केवळ दुरून चेंडू टाकणारा म्हणून अनेकांच्या मतें अपुरा. त्या वेळीं शार्लट येथील संघाच्या निवडीचीं सूत्रें जॉर्डनच्या हातीं होतीं. तिसऱ्या क्रमांकावर मॉरिसनला घेण्यांत आलें. रेडिक अकराव्यावर ऑर्लँडोकडे गेला. दुसऱ्याच हंगामाच्या तोंडावर मॉरिसनचा गुडघा दुखावला आणि २०१० नंतर तो एन. बी. ए. त दिसला नाहीं. रेडिक पहिलीं वर्षें बहुधा बाकावर बसून होता. त्यानें आपली एकच विद्या घोटली, प्रतिपक्षाला अडविण्याची कला मेहनतीनें शिकून घेतली आणि पंधरा हंगाम काढले. एकदां स्वतः डावलला गेलेला थोर खेळाडूहि दुसऱ्याचें भविष्य अचूक वाचूं शकला नाहीं.

या सर्व चुकांचें मूळ पारख्यांच्या अडाणीपणांत नाहीं. महाविद्यालयांत तारा ठरलेल्या तरुणाभोंवतीं सारा संघ रचलेला असतो. धंद्याच्या मैदानावर तोच दहांतला एक होतो, आणि त्याला कोणतें काम मिळेल, कोणाच्या शेजारीं उभें राहावें लागेल, शरीर किती साथ देईल, हें त्याच्या हातीं नसतें. रसेलला कूझी मिळाला आणि कूझीला रसेल. एकट्या कूझीच्या बळावर बॉस्टनला १९५७ पूर्वीं एकहि विजेतेपद लाभलें नव्हतें. म्हणून हा खेळाडू यशस्वी होईल काय, हा प्रश्न अपुरा आहे. कोठें, कोणाबरोबर आणि कोणत्या कामांत, हें त्यापुढें जोडलें पाहिजे. पाळण्यांत पाय दिसतात हें खरें. रस्ता मात्र पाळण्याच्या बाहेर असतो.